गाईड व्हायचंय, पण कोर्स कुठला?

खटॅक!

सायकलवाल्यांना हा आवाज झोपेतही ओळखू येतो. मागचा डिरेलर चाकाच्या स्पोक्समध्ये घुसला की हाच आवाज येतो. जून २०२५. मनालीजवळच्या सेथन गावातून आम्ही खाली उतरत होतो. रस्त्यावर कुठे डांबर, कुठे नुसती खडी, आणि हेअरपिन तर इतके की मी मोजायचे सोडून दिले होते. माझ्या पुढचा गुडगावचा पाहुणा एका वळणावर खडीवरून घसरला. त्याला काही झालं नाही, गुडघा खरचटला एवढंच. सायकलचा हँगर मात्र तुटला.

हँगर म्हणजे डिरेलर आणि फ्रेम यांच्यामधला बोटभर अॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. पडल्यावर तो तुटावा आणि महागडी फ्रेम वाचावी म्हणून. आयडिया झकास आहे. लोचा एवढाच, की जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो.

मी ग्रुपच्या शेवटी होते. आपले ट्रेकवाले ज्याला बॅकलीड म्हणतात, ते काम. माझ्या सॅकमध्ये चार हँगर होते, सकाळी मी स्वतः भरलेले. चारही लावून पाहिले. एकही बसेना. घाम फुटला. मी मोबाईल काढला आणि जीप बोलावण्यासाठी नंबर शोधायला लागले.

तेवढ्यात आमचे मुख्य गाईड चालत वर आले. कुल्लूचे आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास. सगळे त्यांना भाईजी म्हणतात. त्यांनी चेन टूलने चेन तोडली, केबल सोडवली, डिरेलर काढून माझ्याच सॅकमध्ये टाकला आणि पाहुण्याला म्हणाले, ‘‘चलिए सर.’’ मी बघतच राहिले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘उतराई ही तो है, दीदी.’’

खरंच की! उतारावर पेडल कोण मारतं? चेन कशाला हवी? ब्रेक शाबूत होते. पाहुणा प्रिणीपर्यंत शिट्ट्या मारत उतरला आणि संध्याकाळी सगळ्यांना तीच गोष्ट सांगत बसला. मी मात्र रात्री गेस्ट हाऊसच्या गॅलरीत डायरी उघडून बसले. डायरीत पाच कोर्सेसची नावं होती. फी, दिवस, तारखा, सगळं टेबल करून लिहिलेलं. (सॉफ्टवेअरवाली आहे, टेबलशिवाय विचार करता येत नाही.) ‘चेन काढून टाक’ हे यातल्या कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?

थोडं मागून सांगते. वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला. सायकलिंग सुरू झालं ते सिंहगड आणि बोपदेव घाटापासून. मग खडकवासल्याच्या मागचे कच्चे रस्ते, मग मुळशी, मग सेकंडहँड हार्डटेल. पुण्यात वीकएंडला सायकल घेऊन बाहेर पडलेल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच असेल. माझ्या गोष्टीला वळण लागलं सप्टेंबर २०२४ मध्ये. आम्ही सातजण मनाली ते लेह सायकलने निघालो होतो. तेव्हाही गाईड भाईजीच होते.

या रस्त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लेहचे ट्रक रोहतांगला वळसा न घालता थेट लाहौलात उतरतात. त्यामुळे सायकलवाल्यांना रोहतांगचा जुना घाट खूप मोकळा मिळतो. पुढे जिस्पा, सुमारे ३,२०० मीटर. तिथे नदीकाठी एक दिवस नुसतं लोळायचं. मग झिंगझिंगबार, मग ४,८९० मीटरच्या आसपासची बारालाचा ला, आणि पलीकडे सर्चूचं लांबलचक पठार, ४,२९० मीटर. पठारावर तंबू, गार वारा आणि मॅगी.

आमच्यात ठाण्याचा एक मित्र होता. मॅरेथॉन पळणारा, आमच्यातला सगळ्यात फिट. रोज आमच्या तासभर आधी कँपवर पोचून चहा पीत बसायचा. सर्चूला त्याचं डोकं दुखायला लागलं. तो म्हणाला, ऊन लागलंय. रात्री जेवला नाही. दोनदा उलटी झाली. साडेअकराला तो तंबूच्या बाहेर आला आणि दोरीला अडखळून पडला. आम्ही हसलो. हो, हसलो. अजून आठवलं की लाज वाटते.

भाईजी हसले नाहीत. त्यांनी टॉर्चच्या उजेडात जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि त्याला त्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. दहा पावलं. त्याला चार जमली नाहीत. दारू प्यायल्यासारखा बाजूला झुकत होता, आणि आपण सरळ चालतोय असं त्याला वाटत होतं.

उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं हे बऱ्याच जणांना होतं. आराम केला, आणखी वर चढलं नाही की सहसा बरं होतं. पण तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला की मामला मेंदूच्या सुजेचा असू शकतो. मग सकाळची वाट बघायची नसते. खाली उतरायचं असतं. ताबडतोब. आणि फिटनेसचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट जो जोरात असतो तोच शरीराला सवय व्हायच्या आत वर पोचतो.

आता सर्चूची खरी गोची ऐका. सर्चू हा एक वाडगा आहे. मनालीकडे परतायचं तर आधी बारालाचा चढावी लागते, सहाशे मीटर वर. लेहच्या बाजूला गाटा लूप्सचे एकवीस हेअरपिन, त्यानंतर नकी ला, मग पाच हजार मीटरच्या वरची लाचुलुंग ला, आणि एवढं करून जे पांग येतं तेही सर्चूपेक्षा उंचच. म्हणजे या ठिकाणी उतरायला आधी चढावं लागतं. दोन्हीकडून.

भाईजींनी पाच मिनिटांत ठरवलं. बारालाचा. ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, सपोर्ट गाडीच्या मागच्या सीटवर त्याला टेकवून बसवलं, शेजारी मी. शंभरेक किलोमीटर, अंधार, रस्ता जागोजागी उखडलेला. खिंडीच्या माथ्यावर तो माझं नाव विसरला होता. दारच्याच्या पुढे त्याने पाणी मागितलं. केलाँगच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा उजाडत होतं. केलाँग ३,१०० मीटरच्या आतबाहेर. दुपारपर्यंत साहेब पराठा मागत होते. आता ठणठणीत आहे, पुन्हा मॅरेथॉन पळतो.

त्या गाडीत पाच तास मी एका माणसाचा हात धरून बसले होते आणि मला काहीही येत नव्हतं. श्वास मोजायचे की नाडी? ऑक्सिजन किती ठेवायचा? तो झोपला तर झोपू द्यायचं का? दर दहा मिनिटांनी मी भाईजींना विचारत होते आणि ते पुढच्या सीटवरून शांतपणे सांगत होते.

लेह राहिलंच. पण पुण्याला येताना डोक्यात एकच किडा होता. हे काम शिकायचं.

गुगल केलं आणि गोंधळ सुरू झाला. भारतात माउंटन बाईक गाईडसाठी सगळीकडे चालेल असं एकच लायसन्स नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनाच्या गाईडलाईन्स काढल्या, महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकांना नोंदणी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण ‘हा कोर्स करा आणि गाईड व्हा’ असं कुणी ठामपणे सांगत नाही. मग ज्याला त्याला विचारायचं, आणि प्रत्येकाने केलेला कोर्स त्याच्या मते बेस्ट.

सुरुवात सोप्यापासून केली. मुंबई-पुण्याच्या मधल्या एका रिसॉर्टवर वीकएंड कोर्स होता. नाव घेत नाही. शनिवारी सकाळी पीपीटी, दुपारी बुफे, रविवारी माळावर राईड, संध्याकाळी आम्हा बाराही जणांना ‘सर्टिफाईड’ गाईडचं प्रमाणपत्र, लॅमिनेट करून. त्यातला एकजण शनिवारी आलाच नव्हता! तेव्हापासून कुठल्याही कोर्सवाल्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: गेल्या बॅचमध्ये नापास किती झाले? ‘आमच्याकडे कुणी नापास होत नाही’ असं अभिमानाने सांगितलं की मी थँक्यू म्हणून फोन ठेवते.

दुसरा पर्याय गिर्यारोहण संस्थांचा. दार्जिलिंगची एचएमआय, उत्तरकाशीची निम आणि मनालीची, जिचं गेट मी रोज सकाळी अलेओमध्ये सायकलवरून ओलांडत होते. १९६१ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं घरही शेजारच्या प्रिणीतच. या संस्थांचा बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो. पहाटे उठणं, पाठीवर ओझं, दोर, बर्फ, आइस अॅक्स. पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला जायचं तर ‘ए’ ग्रेड लागते, आणि ती सगळ्यांना मिळत नाही. मराठी पोरं तिथे बॅचमागून बॅच जात असतात. डोंगरात कसं राहायचं हे शिकायला याहून चांगली शाळा नाही, असं तिथून आलेला प्रत्येकजण सांगतो. पण सायकल? एक दिवसही नाही. शिवाय महिनाभर रजा मागितल्यावर मॅनेजरचा चेहरा कसा होईल तेही डोळ्यांसमोर आलं.

तिसरा पर्याय सगळ्यात ग्लॅमरस. पीएमबीआयए. ही माउंटन बाईक इन्स्ट्रक्टर लोकांची संघटना कॅनडातली. व्हिस्लरचं बाईक पार्क ज्या प्रांतात आहे, त्याच ब्रिटिश कोलंबियाची. त्यांची पहिली लेव्हल तीन दिवसांची. पेडलवर कसं उभं राहायचं, वळणावर नजर कुठे, ब्रेक किती बोटांनी, आणि मुख्य म्हणजे हे सगळं दुसऱ्याला कसं शिकवायचं. त्यांचे व्हिडिओ पाहून मी माझी स्वतःची राईड बरीच सुधारली. कोर्स करायला बाहेरदेशी जायचं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, तिथलं राहणं धरून माझी वर्षाची सगळी बचत गेली असती. तरी मी अॅडव्हान्स भरायच्या बेतात होते. सर्टिफिकेट इंटरनॅशनल, इन्स्टावर टाकायला फोटो भारी, आणि आईला सांगायला ‘कॅनडाचा कोर्स’.

मग ब्रिटनमधल्या पद्धतीबद्दल वाचलं आणि थांबले. तिकडे कोच वेगळा आणि लीडर वेगळा. कोच तुम्हाला सायकल चालवायला शिकवतो. लीडर तुम्हाला डोंगरातून फिरवून घरी आणतो. परीक्षा वेगळ्या, कामं वेगळी. लीडरला नकाशा, हवामान, ग्रुप सांभाळणं, वाटेतली दुरुस्ती, आणि वर प्रथमोपचाराचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ही साधी गोष्ट माझ्या टेबलमध्ये नव्हती! मी पाचही कोर्स एकाच कॉलममध्ये टाकून फी कंपेअर करत होते.

त्यामुळे ठरवलं, की आधी काम बघू. जूनमध्ये साठवलेली रजा घेतली आणि भाईजींना फोन केला. ‘‘पैसे नको, दोन आठवडे बॅकलीड ठेवा.’’ ते म्हणाले, ‘‘आ जाइए, पर खाना बनाना पड़ेगा.’’

तर अशी मी इथे पोचले. सकाळी सहाला सायकली तपासायच्या. भाड्याच्या सायकली म्हणजे प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एकीचा हायड्रॉलिक ब्रेक दाबला की स्पंजसारखा, दुसरीचा हेडसेट खुळखुळता. टायर, ब्रेक, हँडल, सीट. भाईजी हात लावून नुसते पुढे सरकतात आणि चुकीच्या सायकलपाशी बरोबर थांबतात. मग जीपच्या टपावर सायकली बांधायच्या. मग वर. कधी सेथन, कधी गुलाबा, कधी नग्गरच्या वरचं जाना. सफरचंदाच्या बागांतून जाणाऱ्या वाटा, देवदाराचा वास, मधेच एखाद्या आजीचं ‘कहाँ से?’ संध्याकाळी ओल्ड मनालीत कॉफी पिऊन फोटो टाकावेत अशी सगळी मजा आहे. नाही म्हणणार नाही.

पण दोन आठवड्यांचा हिशेब केला तर मी मजेत सायकल चालवली असे तास फार थोडे निघाले. बाकी वेळ माणसं. कुणी पाणी पीत नाही, कुणी ग्लोव्ह्ज विसरलंय, कुणाला बायकोपुढे घाबरलोय हे दाखवायचं नाहीये, म्हणून तो जास्तच जोरात जातोय. शेवटून राहिलं की हे सगळं पाठमोरं दिसतं. खांदे आखडले की समजायचं, हा आता पडणार.

बेंगळुरूची एक मुलगी सेथनच्या वरच्या वळणावर थिजली. सायकल धरून उभी, पुढेही येईना, मागेही जाईना. मी धावले आणि व्हिडिओत शिकलेलं सगळं सुरू केलं. वजन मागे घे, नजर वळणाच्या पलीकडे ठेव, पुढचा ब्रेक एका बोटाने. टेक्निक अगदी बरोबर होतं. तिला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. ती रडत होती. भाईजी वर आले, तिच्याशेजारी दगडावर बसले आणि विचारलं, नाश्ता कशाचा केलात? दहा मिनिटं दोघं पोह्यांवर बोलत होते. (मनालीतल्या गेस्ट हाऊसमध्ये पोहे मिळतात, आणि बरे असतात.) मग ते तिच्याबरोबर दोन वळणं सायकल हातात धरून चालले. तिसऱ्याला ती आपणहून सीटवर बसली.

त्यांना विचारलं, तुम्ही काय काय शिकलात? बेसिक कोर्स, फार वर्षांपूर्वी, अलेओतच. सायकल दुरुस्ती एका दुकानात बसून, दोन हिवाळे. आणि मधे एकदा एका पाहुण्याला हातात धरून बसायची वेळ आली, तेव्हा ते प्रथमोपचाराच्या मोठ्या कोर्सला गेले. तो पाहुणा वाचला का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

त्या रात्री गॅलरीत टेबल पुन्हा मांडलं. या वेळी कॉलम बदलले. फी आणि दिवस बाजूला ठेवले आणि एकच लिहिलं: सर्चूच्या गाडीत काय उपयोगी पडलं असतं? कॅनडाच्या कोर्सपुढे मला काहीच लिहिता येईना. तो वाईट म्हणून नाही. तो मी शिकवायला लागेन तेव्हा, अजून दोन वर्षांनी, बघू. गिर्यारोहणाच्या बेसिकपुढे निम्मं भरलं. पूर्ण ओळ भरली ती ‘विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’पुढे. डॉक्टर तासन्‌तास लांब असताना काय करायचं, याचा हा कोर्स. आठ-दहा दिवस, सत्तर-ऐंशी तास. निम्मं शिकणं मैदानात होतं. रंग लावलेल्या खोट्या जखमा, रात्रीचे सराव, सॅक आणि काठ्यांची स्ट्रेचर. सोळा तासांचा छोटा कोर्सही असतो. आपल्या सह्याद्रीतल्या एकदिवसीय राईड नेणाऱ्यांनी निदान तो तरी करावा, असं मला मनापासून वाटतं. खोपोली किंवा भोरच्या आसपास कॉलरबोन मोडलं तर रस्ता गाठायलाही दोन-तीन तास लागू शकतात. मोठा कोर्स मसुरीजवळच्या लँडोरला, वूडस्टॉक शाळेच्या हॅनिफल सेंटरमध्ये होत आला आहे. आणि हे सर्टिफिकेट कायमचं नसतं, ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मला ते आवडलं.

दुरुस्ती शिकायला कर्वे रोडजवळच्या एका दुकानात शनिवार ठरवलेत. मालक म्हणाले, पगार नाही, चहा मिळेल. हँगरची वही केलीय. कुठल्या मॉडेलला कुठला, नंबरसकट.

नोकरी अजून सोडलेली नाही. स्पष्टच सांगते, कारण असले लेख वाचून उद्या कुणी राजीनामा टाकायला नको. लेहचा रस्ता साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच चालू असतो. म्हणजे कमाईचे महिने चार-पाच. हिवाळ्यात सह्याद्री आणि कोकणातल्या राईड जमल्या तर गणित बसेल, असा अंदाज आहे. होम लोन आहे. पहिल्या वर्षी रजा घेऊन, बॅकलीड म्हणून, मग बघायचं.

घरी सांगायचं राहिलं होतं. शेवटच्या दिवशी प्रिणीच्या चौकात टपरीवर बसून फोन केला. आई म्हणाली, ‘‘अगं, एम.सी.ए. करून सायकलवाली होणार?’’ आणि फोन बाबांकडे दिला. बाबा सत्तरच्या दशकात सदाशिव पेठेतून दापोडीला रोज सायकलने कामाला जायचे, तेव्हाच्या निम्म्या पुण्यासारखे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

‘‘पंक्चर काढता येतं का तुला?’’

‘‘येतं हो बाबा.’’

‘‘ट्यूब काढून, की ते हल्लीचं चिकटवायचं?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘बरं. तो औषधपाण्याचा कोर्स कधी आहे म्हणालीस?’’

समोर भाईजी जीपच्या टपावर उभे होते. दोर ओढून त्यांनी मला खूण केली. शेवटच्या दोन सायकली खाली राहिल्या होत्या.